वीस एक, ईकोसी एना

मैत्रिणींनो, आज सकाळपासून तुम्ही किती वेळा ग्रीक बोललात? हसू नका. भाजीवाल्याकडे 'अर्धा किलो भेंडी द्या' म्हणालात ना? मग बोललातच. किलो म्हणजे ग्रीकांचा हजार. ते लोक आज त्याला 'खील्या' म्हणतात. हजार ग्रॅम म्हणून किलोग्रॅम. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं शेर-अच्छेर गेले आणि हा पाहुणा स्वयंपाकघरात येऊन बसला तो बसलाच. वसईत ज्यांची अजून थोडीफार वाडी शिल्लक आहे त्यांच्या सातबाऱ्यावरचा 'हेक्टर'सुद्धा त्यांच्याकडचाच. तो शंभराचा. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक आर म्हणजे आपल्या गुंठ्याहून किंचितच कमी. शेजारच्या ख्रिस्ती मावशींकडे ईस्टरनंतर पेंटेकॉस्टचा सण असतो, त्याचाही अर्थ 'पन्नासावा' एवढाच. ईस्टरचा रविवार पहिला धरून मोजायचं.

हे सारं शहाणपण माझं नव्हे. आमच्या धाकट्या भाऊजींचं आहे. ते बोटीवर नोकरीला आहेत. बोटीचा मालक ग्रीक, कप्तानही ग्रीक. यंदा पावसाळ्यात ते दोन महिने घरी होते, तेव्हा मी त्यांच्याकडून ग्रीक आकडे शिकले. कशासाठी, ते मात्र जरा लाजत लाजतच सांगते.

माझी धाकटी दुसरीत आहे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी तिला अंक घालायची. 'सदतीस लिही' म्हटलं की ती लिहायची ७३. 'बावन्न' म्हटलं की २५. रोज तेच. मी स्वतः अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते, दुसऱ्यांच्या मुलांना समजावते, आणि माझ्याच मुलीला सदतीस येऊ नये! एकदा-दोनदा धपाटाही घातला. मग तिचं पोट दुखायला लागलं. बरोबर सात वाजता, पाटी काढली की. ओव्याचं पाणी दिलं, हिंग लावला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'अगं, पोट नाही दुखत तिचं.' मला ते कळत होतं, पण वळत नव्हतं.

एके दिवशी भाऊजी झोपाळ्यावर बसून हे पाहत होते. म्हणाले, 'वहिनी, तिला राहू दे. मी सांगतो ते आकडे तुम्ही म्हणून दाखवा बघू.'

म्हटलं, त्यात काय मोठंसं!

एना, दीओ, त्रीआ, तेसेरा, पेन्ते, एक्सी, एप्ता, ऑक्तो, एनेआ, देका.

झालं की दहापर्यंत. पुन्हा एकदा म्हणून पाहा, आणि शेजारी आपलं द्वि, त्रि, पंच, सप्त, अष्ट, दश ठेवा. चुलत बहिणींचे चेहरे कसे मिळतेजुळते असतात, तसं आहे की नाही? संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच घरच्या असल्या पाहिजेत, असं विल्यम जोन्स या न्यायाधीशांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात सांगितलं होतं. 'स'चा तिकडे 'ह' झाला आणि पुढे तोही गळला, म्हणून सप्तचं एप्ता. इराणात तो 'ह' टिकला, तिथे सातला 'हफ्त' म्हणतात. त्यावरून हफ्ता म्हणजे आठवडा, आणि त्यातूनच आपण फ्रिजचा भरतो तो हप्ता. केळीवालीचा डझनसुद्धा याच गोतावळ्यातला. ग्रीक बारा म्हणजे 'दोदेका', आपलं द्वादश.

आणखी एक गंमत मला फार आवडली. आपण बायका 'दोघी', 'तिघी', 'चौघी' म्हणतो आणि पुरुषांना 'दोघे', 'तिघे'. ग्रीकांत एक, तीन आणि चार या आकड्यांना अशी लिंगं आहेत. दोनला मात्र नाहीत. का, ते भाऊजींना विचारलं तर म्हणाले, 'कप्तानाला विचारून कळवतो.'

पण हा फसवा सोपेपणा दहापर्यंतच. पुढे मी अशी गडबडले म्हणता! 'एकातो' ऐकलं आणि बोट एकावर ठेवलं, तर तो निघाला शंभर. बरोबर आलं की भाऊजी 'ने' म्हणायचे. मला वाटायचं, नाही म्हणताहेत, म्हणून मी उत्तर बदलायची. ग्रीकात 'ने' म्हणजे हो! आणि नाही म्हणजे 'ओही'. एकोणचाळीस वर्षांची बाई मी, दोन दिवस सत्तर आणि ऐंशीत अडखळत होते. एव्दोमीन्दा, ओग्दोन्दा. घसा कोरडा पडायचा, आणि खोटं कशाला बोलू, तिसऱ्या दिवशी भाऊजींनी हाक मारली तेव्हा मी कुकर लावायचं निमित्त काढून आत निघून गेले. कुकरपाशी उभी राहिल्यावर मला धाकटीचं पोट आठवलं.

विसाच्या पुढे काय होतं ते मात्र माझ्या आधी तिनंच पकडलं. वीस म्हणजे ईकोसी. एकवीस? ईकोसी एना. बावीस? ईकोसी दीओ. पोरगी टुणकन उडी मारून म्हणाली, 'आई, वीस एक! वीस दोन! हे तर सोप्पंय!'

मैत्रिणींनो, मला एकदम २०१९ साल आठवलं. तुम्हालाही आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांत शिक्षकांच्या खोलीत बसून मीही होते. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या डॉ. मंगला नारळीकर. २०२३ मध्ये त्या गेल्या. जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना दोन्ही वाटा खुल्या आहेत, असं त्या तेव्हा समजावून सांगत होत्या. मी पुस्तक उघडून न पाहताच मत दिलं होतं, हे आज कबूल करते.

आता आपल्या शब्दांकडे मुलाच्या कानानं बघा. आपण 'सदतीस' म्हणतो तेव्हा आधी सात ऐकू येतात, मग तीस. लिहायचं मात्र आधी तीन, मग सात. माझी लेक जे आधी ऐकत होती, ते आधी लिहीत होती. त्यात तिचं चुकलं कुठे? जर्मन मुलांनाही हीच अडचण, तेही एकक आधी म्हणतात. ग्रीक, इंग्रजी आणि आपल्या शेजारची कानडी यांत दशक आधी येतं. त्यात आपल्या 'एकोण'ची भर. एकोणऐंशी ऐकलं की कानात ऐंशी राहतो, पण लिहायचे सत्तर आणि नऊ. बरं, हा नियम शेवटपर्यंत पाळावा, तर नव्व्याण्णवला आपणच तो मोडतो. एकोणशंभर कोण म्हणतं?

म्हणून जुने शब्द टाकावेत असं मी म्हणणार नाही. 'पंचाहत्तरी'ला 'सत्तर पाची' म्हणायची वेळ येऊ नये. बाजारात, आणेवारीत, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हेच शब्द आहेत. घरी मी एवढंच करते. वालाचे दाणे घेते, दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधते आणि उरलेले सुटे ठेवते. तीन पुरचुंड्या, सात दाणे. ती आधी 'तीस सात' म्हणते, लिहिते, आणि मग मी म्हणते, 'याचं घरातलं नाव सदतीस.' पुरचुंड्या सोडायच्या नाहीत, नाहीतर सगळा वेळ बांधण्यातच जातो. आठवड्यातून चार दिवस, दहा मिनिटं. पाटी शेवटी. पंधरा दिवसांत पोटदुखी थांबली.

रविवारी भाऊजी आम्हाला सोपाऱ्याच्या स्तूपावर घेऊन गेले. नालासोपारा म्हणजे आपल्या वसई रोडच्या पुढचंच स्टेशन. पण गर्दीच्या गाडीतून जाताना कोणाच्या मनात येतं, की इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक माणसानं लिहिलेल्या पेरिप्लस नावाच्या पुस्तिकेत या बंदराचं नाव 'सूप्पारा' असं आहे, आणि कल्याणचंही आहे? स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला. त्या बंदरात कुणीतरी कुणाला तरी माल मोजून दिला असेलच, एका बाजूला दीओ, दुसऱ्या बाजूला दोन. ग्रीक नाण्याचं नाव ड्राख्मा, म्हणजे मूठभर. त्याचंच आपल्याकडे 'द्रम्म' झालं आणि पुढे 'दाम'. ग्रीसमध्ये युरो आल्यावर २००२ साली ड्राख्मा गेला, आपल्याकडे दामदुप्पट अजून चालू आहे! हे ऐकून आमचे 'हे' म्हणाले, 'दाम काढा, रिक्षावाला थांबलाय.'

भाऊजी आता परत बोटीवर गेले आहेत. परवा त्यांचा फोन आला, तेव्हा धाकटीनं शंभरपर्यंत ग्रीक म्हणून दाखवलं. नव्वदला, एनेनीन्दाला, ती अडकली, तर पलीकडून त्यांनी विचारलं, 'आईला येतं का?' मी मोठ्यानं म्हटलं, 'ने!'

सासूबाई आतून ओरडल्या, 'अगं, एवढं शिकलीस आणि अजून नाहीच म्हणतेस?'