पन्नास मिलिमीटरची मूठ

बंदुकीवर लेख द्यायचाय म्हटल्यावर आमच्या संपादक मंडळाने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. त्यांचंही चूक नाही म्हणा. आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये बंदूक म्हणजे निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात जमा करायची वस्तू, नाहीतर उसात बिबट्या दिसला की आठवणारी. पण मला लिहायचंय ते खेळातल्या बंदुकीबद्दल. त्यातही नळीबद्दल नाही, मुठीबद्दल.

त्याचं असं झालं. माझी मामेबहीण मंचरला शाळेत एनसीसीत होती. कॅम्पात पॉइंट टू-टू रायफलचा पहिला ग्रुप तिने असा बारीक मारला की उस्तादांनी टार्गेटचा कागद तिलाच देऊन टाकला. मग मामांनी तिला पुण्यात एका क्लबमध्ये घातलं, १० मीटर एअर पिस्तूलसाठी. शनिवार-रविवार पहाटेची एसटी. पिस्तूल क्लबचं, चार मुलींत एक. आणि त्याची मूठ कुठल्या तरी धिप्पाड युरोपियन माणसाच्या पंजाची! बहिणीचा हात एवढासा. ट्रिगरवर बोटाचं पेर बसायला हवं तिथे जेमतेम टोक पोहोचायचं. टोकाने ट्रिगर मागे ओढला जात नाही, बाजूला ढकलला जातो. उजव्या हाताची माणसं अशा वेळी डावीकडे मारतात. तीही मारायची. क्लबमध्ये सगळे म्हणायचे, प्रॅक्टिस वाढव.

मी तेव्हा सेकंड इयर मेकॅनिकलला. म्हणजे जगातलं सगळं आपल्याला दुरुस्त करता येतं असं वाटायचं वय. क्लबकडून एक जुनी, पडून असलेली लाकडी मूठ मागून आणली आणि गावातल्या मिस्तरींकडे गेलो. मिस्तरी म्हणजे बैलगाडा शर्यतीचे छकडे बनवणारे. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मूठ हातात घेऊन म्हणाले, "आरं, हे तर जुवासारखंच हाय की. बैलाच्या मानंला बसलं नाय तर बैल पळंल कसा?" बस! अख्खं एर्गोनॉमिक्स एका वाक्यात. आम्ही दोघांनी मिळून मागची बाजू तासली, तळव्यापाशी लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरला, खालचा आधार बाहेर काढला, पॉलिश पेपर मारला. पुढच्या रविवारी बहिणीच्या गोळ्या डावीकडून मधे आल्या. मी आठवडाभर कॅन्टीनमध्ये छाती काढून फिरत होतो.

मग स्पर्धा आली. स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोल असतो, हे मला ऐकूनही माहीत नव्हतं. एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मुठीसकट बसायला लागतं. आमचं बसलं नाही. मी अभिमानाने बाहेर काढलेला तो आधार दोन-तीन मिलिमीटर जास्त होता. तासायला वेळ नव्हता, कानसही नव्हती. बहिणीने मैत्रिणीचं पिस्तूल मागून घेतलं, तीच धिप्पाड मूठ, आणि थोडक्यात पुढची फेरी हुकली. परतीच्या एसटीत राजगुरुनगर येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "दादा, तुम्हाला कॉलेजात मोजायला शिकवत नाहीत का?"

शिकवतात. पहिल्या सेमिस्टरला लिमिट्स, फिट्स अँड टॉलरन्सेस. व्हायवात मी त्यावर बोललोसुद्धा होतो.

असो. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. माझं मत असं बनलंय की नेमबाजीच्या बंदुकीला खेळाडूच्या अंगाबरहुकूम करणं हे शुद्ध इंजिनिअरिंगचं काम आहे, आणि आपण ते उगाचच बाहेरच्यांवर सोडलंय.

जरा हिशोब करा. २५ मीटर पिस्तूलमध्ये पुढच्या आणि मागच्या माशीतलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. पुढची माशी एक मिलिमीटर बाजूला सरकली तर समरूप त्रिकोणाने २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर बाजूला जाते. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे दहाऐवजी सहा! आणि ट्रिगरचं वजन नियमाने किमान १००० ग्रॅम. जवळजवळ पिस्तुलाच्या स्वतःच्या वजनाइतका जोर एका बोटाने लावायचा आणि माशी मिलिमीटरच्या दहाव्या भागानेही हलू द्यायची नाही. हा जोर सरळ मागे जातो की तिरका, ते ठरवते मूठ. म्हणून मी म्हणतो की नुसत्या प्रॅक्टिसने भागत नाही. चुकीच्या मुठीवर प्रॅक्टिस केली तर चूक पक्की होते.

रायफलवाल्यांचं तर बघायलाच नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पॉइंट टू-टू रिमफायर रायफल, दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून अशा तीन स्थितींत माणसाची मान, खांदा, कोपर सगळं बदलतं, आणि दर वेळी त्याच रायफलचा गालाचा आधार, खांद्याची पट्टी, हाताचा अडसर बदलून बसवायचा. आपण फिक्सचर डिझाइन म्हणतो ते हेच. फक्त इथे जॉब श्वास घेत असतो. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, तीही पॉइंट टू-टूवर. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, तीही कोल्हापूरची. खेळाडू आपल्याकडे आहेत. हत्यारं मात्र जर्मनी, इटली, स्वित्झर्लंडची. मोरिनी हे नावसुद्धा आधी हाताच्या आकाराच्या मुठींसाठी गाजलं, पिस्तुलं नंतर आली. म्हणजे नुसती मूठ बनवूनही जगात नाव होतं.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. सेंटर फायर प्रकारात रॅपिडच्या टप्प्यात टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद फिरलेलं राहतं. त्या सात सेकंदांत अंगठ्याने घोडा ओढून ठेवता येतो, त्यामुळे रिव्हॉल्व्हरचा जड, लांब ट्रिगर टाळता येतो. म्हणून तिथे रिव्हॉल्व्हर बरीच वर्षं टिकलं. दहा सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या म्हटल्या की संपला खेळ. पुढे ऑटोमॅटिक पिस्तुलं आली, पण त्यांनी काडतूस उचललं ते रिव्हॉल्व्हरचंच, एकोणिसाव्या शतकातलं पॉइंट थर्टी-टू! कारण ते मवाळ आणि नेमकं. डिझाइनमध्ये जुनं सगळं भंगारात काढायचं नसतं याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी पुस्तकात सापडलं नाही.

आणि हद्द कुठे, तेही याच खेळाने दाखवलंय. रॅपिड फायरमध्ये पूर्वी पॉइंट टू-टू शॉर्ट काडतूस, अगदी हलका ट्रिगर आणि हाताला चहूबाजूंनी कवेत घेणारी मूठ चालायची. पिस्तूल हातात धरायचं नव्हे, घालायचं! २००५ पासून नियमांनी हे सगळं बंद केलं. बदल करा, पण पेटीत बसतील एवढेच. (आमचे बसले नाहीत, ते सांगितलंच.)

आता विरोधी बाजू. फायनल इयरला मी हा विषय प्रोजेक्टसाठी मांडला तेव्हा सर म्हणाले, "बंदूक कॉलेजात आणणार? त्यापेक्षा सोलर ड्रायर करा." दरवर्षी आपल्याकडे तीन सोलर ड्रायर होतात, एकातही कांदा वाळत नाही, तो भाग वेगळा. पण सरांची भीती खोटी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीत बदल किंवा दुरुस्ती करायचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा कामाची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. कायदा सोडला तरी ट्रिगरला कानस लावणारा हौशी माणूस स्वतःचा आणि शेजारच्याचा जीव धोक्यात घालतो. ट्रिगर, बोल्ट, नळी यांना आपण हात लावायचा नाही. ते परवानाधारक कारागिराचं काम. रिमफायर बंदूक रिकामी चालवली तरी अनेक बंदुकांत पिन काडतुसाच्या जागेच्या कडेवर आदळून ती चेपते. एनसीसीत रिकामा ट्रिगर दाबला की उस्ताद का ओरडायचे ते मला आत्ता कळलं.

पण मुठीच्या मापासाठी कॉलेजात बंदूक आणायची गरजच काय? हाताचा ठसा शाडूत घेता येतो. मापं घेता येतात. अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ मध्ये भारतीयांच्या शरीराच्या मापांचं पुस्तक काढलंय, हाताच्या मापांसकट. थ्री-डी प्रिंटरवर नमुना काढा, शिसवीत कोरा, रेंजवर नेऊन तिथल्या प्रशिक्षकांसमोर बसवून बघा. पिस्तूल रेंजवरच राहील. आणि सुरुवात एअर पिस्तूलपासून करा. टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. हत्यार समजणारा माणूस जवळ असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी सगळ्या देशाला कळलं. तिथे जाणाऱ्यांसाठी माणसं मिळतील. पण मंचर, नारायणगाव, घोडेगावच्या ज्या मुली पहाटेच्या एसटीने रेंजवर जातात त्यांच्यासाठी कोण आहे? महागडं पिस्तूल आपण त्यांना देऊ शकत नाही. त्यांच्या हाताला बसणारी मूठ देऊ शकतो.

सरांनी विषय मंजूर केलेला नाही, "बघू" म्हणालेत. दरम्यान आमची दुसरी मूठ तयार झाली आहे. या वेळी नियमपुस्तक आधी वाचलं, पुठ्ठ्याची पेटी बनवली आणि मग रंधा धरला. जाडी ४८.५ मिलिमीटर. बहिणीने तीनदा मोजून घेतली, माझ्यावर तिचा अजून भरवसा नाही. मिस्तरींना व्हर्निअर इतकं आवडलं की ते आता छकड्याच्या आसालाही लावतात. परत मागितलं की म्हणतात, "यात्रा होऊ दे." वर्कशॉपच्या इश्यू रजिस्टरला ते माझ्या नावावर आहे आणि सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे.