श्रेयांकांची हुंडी वटलीच पाहिजे!

शाळेच्या बाकावर असतानाच पदवीचा थोडाबहुत भाग पदरात पडला, तर तो कोणाला नको आहे? अमेरिकेत तर ही गोष्ट आता नवलाईचीही राहिलेली नाही. १९५५-५६ पासून तेथे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’च्या परीक्षा चालत आल्या आहेत. महाविद्यालयाच्या तोडीचा विषय शाळेतच शिकावयाचा, मे महिन्यात परीक्षा द्यावयाची आणि एक ते पाच या मापात तीन किंवा अधिक अंक मिळविले, की पदवीच्या खात्यावर श्रेयांक जमा होण्याची आशा बाळगावयाची!

आम्ही ‘आशा’ म्हणतो ते जाणूनबुजून. श्रेयांक ही एक हुंडी आहे. जिच्यावर ती काढली त्या पेढीने ती स्वीकारली नाही, तर हाती उरतो केवळ कागद! कोठे तीन अंक पुरतात, कोठे चार-पाच लागतात. डार्टमथ महाविद्यालयाने तर २०१४ पासून प्रवेश घेणाऱ्यांना या परीक्षांचे श्रेयांक देणेच बंद केले. शिवाय दर विषयाला शंभर डॉलरच्या घरात फी! गरिबाच्या मुलाने ती भरावी आणि हुंडी परत यावी, हा कोठला न्याय?

मिनेसोटा राज्याने १९८५ साली याहून शहाणपणाचा कायदा केला. अकरावी-बारावीच्या पात्र विद्यार्थ्याने थेट महाविद्यालयाच्या वर्गात बसावे, शिक्षणशुल्क व पुस्तकांचा भार सरकारने उचलावा आणि तो अभ्यास शाळा व महाविद्यालय या दोन्हींकडे धरला जावा, अशी ती व्यवस्था आहे. तेथे हुशारीला पैशाची अट नाही.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. शाळेच्या अभ्यासालाही श्रेयांक मिळणार, याचा गाजावाजा झाला. परंतु त्या आराखड्यात बारावीचा स्तर ४, तर पदवीच्या पहिल्या वर्षाचा ४.५! म्हणजे शाळेत मिळविलेल्या श्रेयांकांनी पदवीचा एक तासही आपोआप कमी होत नाही. महाराष्ट्रात तर अनेक ठिकाणी अकरावी-बारावीचे वर्ग पदवी महाविद्यालयाच्याच आवारात भरतात. फाटक एक, ग्रंथालय एक. पण बारावीच्या बुद्धिमान मुलाने एक जिना चढून पदवीच्या वर्गात बसावे आणि ते त्याच्या खात्यावर जमा व्हावे, अशी सर्वांना खुली वाट नाही!

ही वाट आखणे अवघड नाही. कोणता अभ्यासक्रम धरला जाईल, हे विद्यापीठांनी आधीच लेखी जाहीर करावे आणि दिलेला शब्द पाळावा. फी सरकारने भरावी. ज्याला ही घाई नको असेल, त्याच्यावर ती कोणी लादू नये. नाही तर शिकवणीवाल्यांना नवे कुरण मिळेल आणि मुलांच्या माथी आणखी एक परीक्षा बसेल. विद्यार्थ्याने रात्री जागून कमावलेली हुंडी न वटविणाऱ्या पेढीने श्रेयांकांचा बाजार मांडूच नये!