सहीला पैसे पडत नाहीत

मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, शाळेच्या कॅफेटेरियात, गुळपोळीच्या रांगेत एका ताईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या हो, वेळेला आपल्या माणसाला दार लावणाऱ्यांनीही गोड बोलावं." मागच्या दोघी फिस्सकन हसल्या. मी तिळगूळ खाल्ला, गोडच बोलले आणि घरी येऊन हे लिहायला बसले. संपादकांनी माझ्याकडे पाककृती मागितली होती, ती पुढच्या अंकात देईन.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या निम्म्या मराठी घरांत त्या टोमण्यामागचं प्रकरण ठाऊक आहे, तेही तिखटमीठ लावून. म्हणून एकदा सरळ सांगते. 2023 च्या सुरुवातीला कपातीची लाट आली, तिच्यात माझ्या कॉलेजातल्या मित्राची नोकरी गेली. कंपनीच्या एच-वन व्हिसावर होता, ग्रीन कार्डासाठीचा आय-140 अर्ज मंजूर, रांगेत कित्येक वर्षं, डोक्यावर घराचं कर्ज, मुलगी हायस्कूलमध्ये. हातात साठ दिवस. तेवढ्यात नवी कंपनी किंवा दुसऱ्या स्टेटसचा अर्ज, नाहीतर देश सोडायचा. त्यात कोब्राचा, म्हणजे नोकरी गेल्यावर चालू ठेवायचा आरोग्य विमा. इतके दिवस कंपनी भरत होती तो वाटाही आता आपलाच, वर दोन टक्के.

माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची छोटी कंपनी आहे. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला आणि आमच्या डायनिंग टेबलावर एक्सेल उघडून बसला. पहिल्या रकान्यात तो मला दरमहा किती पैसे देणार, दुसऱ्यात त्यातून मी त्याला दाखवायचा पगार, तिसऱ्यात टॅक्स. चौथा रकाना पिवळ्या रंगाचा, वर लिहिलेलं 'तुझे'. "तू फक्त एच-वन फाइल कर आणि पगाराचे पे-स्टब काढत जा. नोकरी मी शोधतोच आहे. तुला एका पैशाची तोशीस नाही." त्यानं माझं कमिशनसुद्धा काढून ठेवलं होतं, बिचाऱ्यानं.

मी नाही म्हटलं.

"घाबरली," असं त्यावर बोललं गेलं. घाबरलेच होते, त्यात काय! ही जागा खरी आहे आणि तिचा पगार माझी कंपनी देणार, असं एच-वनसाठीच्या एलसीए या फॉर्ममध्ये मी लिहून द्यायचं. पुढे एच-वनच्या आय-129 या अर्जावरची सही खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र राहून करायची. सरकारी माणसं ऑफिसात येऊन विचारू शकतात की हा माणूस बसतो कुठे, करतो काय. पण माझं राहू द्या. जाणूनबुजून खोटे कागद दिल्याचा शिक्का त्याच्यावर बसला असता तर या देशाचं दार त्याला जन्मभरासाठी बंद होऊ शकलं असतं, आणि हे उकरून काढायला काळाची मर्यादा नाही. आज निभावलं तरी ग्रीन कार्डाच्या वेळी कुणीतरी हेच पे-स्टब समोर ठेवून प्रश्न विचारणार. ज्या रांगेतल्या नंबरासाठी हा सगळा आटापिटा, तो नंबरच गेला असता. याला मैत्री म्हणायचं?

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. त्याच दुपारी मी त्याला पैसे देऊ केले. घराचे काही हप्ते आणि विमा, व्याज नको, लिखापढी नको, जमेल तेव्हा परत कर. तो ताडकन उठला. "मी भीक मागायला आलेलो नाही." लॅपटॉप मिटला आणि गेला. चहा तसाच.

मंडळी, माझा सगळा राग इथे आहे. उसने पैसे घ्यायची आपल्याला लाज वाटते, खोटा कागद मागायची वाटत नाही. मित्रावर मी आज रागावलेली नाही, त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. राग आहे तो काठावर उभं राहून बोलणाऱ्यांवर. "एक सही तर करायची होती!" म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या साठ दिवसांत चेकबुक काढलं? दुसऱ्यानं केलेल्या सहीला आपले पैसे पडत नाहीत, म्हणून ती इतकी स्वस्त वाटते.

सही आणि पैसे यांतला हा फरक मी घरीच पाहिला आहे. माझे वडील तासगाव तालुक्यात मुख्याध्यापक होते. एका सहकाऱ्याच्या पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिले. त्यानं हप्ते थकवले आणि वडिलांच्या पगारातून कापले जाऊ लागले. त्या दिवाळीला आम्हा भावंडांना नवे कपडे आले नाहीत. आईनं तोंडाचा पट्टा सोडला, वडील गप्प. पुढे तोच सहकारी आपल्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख बदलून मागायला आला, नोकरीच्या वयात बसत नव्हता म्हणून. वडिलांनी त्याला जेवायला बसवलं, पोटभर वाढलं आणि तारीख बदलून दिली नाही. जामीन राहताना त्यांनी स्वतःचा पगार पणाला लावला होता. तारीख बदलली असती तर त्या जागेसाठी खरं वय लिहिलेल्या कुणा पोराची भाकरी पणाला लागली असती. साठ दिवसांच्या आत खरी नोकरी शोधत वणवण करणारी माणसंही त्या पोरासारखीच असतात. तीही आपलीच आहेत, फक्त आपल्या रांगेत गुळपोळीला उभी नसतात.

"सगळेच करतात" या युक्तिवादाला काय उत्तर द्यायचं मला कळत नाही, म्हणून देत नाही. शिकवणीचे पैसे रोखीनं घेऊन टॅक्समध्ये न दाखवणारे आहेत, त्यांच्यावर वेगळा लेख होईल. पण आमच्या लेकीनं परवा विचारलं, "आई, गणपतीला अर्धा तास येऊन पिझ्झा खाऊन गेलेल्या मुलांना मंडळानं दिवसभराचे व्हॉलंटियर अवर्स सही करून दिले, ते चालतं का?" मी म्हटलं, मंडळाच्या समितीला विचारते. समितीला इथे विचारते आहे.

कीर्तन फार झालं, माफ करा. जिची नोकरी गेली नाही तिनं नीतीच्या गोष्टी सांगणं सोपं असतं, हे मला कळतं. मित्रानं शेवटी वकिलाच्या सल्ल्यानं मुदतीत व्हिजिटर स्टेटससाठी अर्ज केला, काही महिने आणखी नोकरी शोधली, मिळाली नाही. घर भाड्यानं देऊन ते पुण्याला गेले. त्याची बायको मला दिवाळीला मेसेज करते, तो करत नाही. माझ्यामुळे ते गेले असं कुणाला वाटत असेल तर वाटो. त्याचा रांगेतला नंबर शाबूत आहे.

समितीला विनंती एवढीच, की पुढच्या वार्षिक सभेत अडचणीतल्या सभासदांसाठी बिनव्याजी निधीचा विषय घ्यावा. घेणाऱ्याचं नाव फक्त खजिनदाराला ठाऊक असावं, म्हणजे लाजेचा प्रश्न उरणार नाही. पहिला चेक माझा. तोवर कुणाची नोकरी गेली तर मला फोन करा. रेझ्युमे बघून देईन, मुलाखतीची तयारी करून घेईन, हप्त्याला हातभार लावेन. पे-स्टब तेवढा मागू नका.