शेवळाची जुडी आणि दशांश

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. सुचत नव्हतं असं नाही, पण जे सुचत होतं ते माझ्याच विरुद्ध होतं. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकू. घरची मंडळी वाचतात, ती रागावतील. रागावू देत.

जूनमधला रविवार. पेणला सकाळची उपासना झाली. शास्त्रपाठ मत्तयच्या २३व्या अध्यायातला. परुशी लोक पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दशांश मोजून देतात आणि न्याय-दया तेवढी विसरतात, असं येशू त्यांना तोंडावर सुनावतो, तो भाग. मी मान डोलावली. दशांशाचं पाकीटही टाकलं.

तिथून बाजारात गेलो. पहिला पाऊस पडला की कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात. रानात हिंडायचं, शोधून खुडायची, जुड्या बांधायच्या, सोबत काकडं ठेवायची, एवढं करून त्या पेणपर्यंत येतात. एक म्हातारी पन्नासला दोन जुड्या म्हणाली. मी बायबल काखेत धरून पाच मिनिटं घासाघीस केली आणि तीसला दोन घेतल्या. लढाई जिंकल्यासारखं वाटलं! एस.टी. स्टँडवर आल्यावर पिशवीकडे लक्ष गेलं आणि तो पुदिना, ती शेप आठवली. शास्त्रपाठात भाजी होती, माझ्या हातातही भाजीच.

संध्याकाळी रोह्याला नातेवाइकांकडे प्रार्थनासभा होती. छान झाली. गाणी झाली, साक्षी झाल्या, दोघा-तिघांनी डोळे पुसले. मग चहा आणि चुलतभावाच्या लग्नाचा विषय. मुलगी शिकलेली, स्वभावाने चांगली, घर विश्वासी. सगळं पसंत. आणि एका ज्येष्ठांनी आवाज खाली आणून विचारलं, "पण मूळचे कोण?"

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या झाल्या. ख्रिस्तात सगळे एक, असं आपण व्यासपीठावरून सांगतो आणि लग्न जुळवताना मुलीच्या पणजोबांची जात खणून काढतो. खोलीत दहा-बाराजण होते. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मी चहा पीत होतो.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, "अरे, आपण माणसंच, चुकणारच." मला हे मान्य नाही. चुकणं वेगळं, ढोंग वेगळं. येशू चुकलेल्यांच्या घरी जेवायला गेला, जकातदारांशी बसला-उठला. ढोंगी म्हणाला तो त्यांना, जे आत एक ठेवून बाहेर दुसरंच मिरवत होते. आवाज खाली आणून विचारलेला प्रश्न हा त्यातलाच. चूक नाही हे पक्कं माहीत असतं तर आवाज खाली कशाला आला असता?

लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला म्हणून लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. नंतर त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी त्यांचं सोवळं-ओवळं चालूच होतं, आणि 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ते जराही लपवलं नाही. जातिभेद माणसांनी केलेला आहे हे मनापासून पटलं तेव्हा त्यांनी सोवळं सोडलं, आणि मग १९०० साली, पाच वर्षांनी, बाप्तिस्मा घेतला. आधी मन, मग पाणी. आपलं उलटं झालंय. पाणी पणजोबांच्या वेळचं, मन अजून यायचंय.

त्याच १८९५ साली, ११ सप्टेंबरला, आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा जन्मले. त्यांनी नव्या करारातून वेचे काढून 'ख्रिस्तधर्म-सार' केलं. ख्रिस्ती काही झाले नाहीत. आणि टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मी बाप्तिस्मा कमी लेखत नाही, माझा झालाय आणि त्याचा मला आनंद आहे. पण नुसत्या पाटीवर समाधान मानायचं असतं, तर टिळकांना बावीस वर्षांनी घर सोडून हे करायची गरज नव्हती.

आमच्या पेणचे मूर्तिकार यात बरे. गिऱ्हाइकाला सरळ सांगतात, ही शाडूची, ही पीओपीची. रंग दिल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पाण्यात गेल्यावर कळतं, कुठली विरघळते ते. आपण मात्र स्वतःबद्दल एवढंही खरं सांगत नाही.

"घरातलं चव्हाट्यावर कशाला? लोक हसतील," असं कोणीतरी म्हणेलच. पण लोकांना कळायचं काय राहिलंय? त्या म्हातारीला माझा विश्वास केवढ्याचा ते त्याच दिवशी कळलं. वीस रुपयांचा.

पुढच्या रविवारी तिला शोधलं. ती नव्हती. दुसरीकडून जुड्या घेतल्या, सांगितले तेवढे पैसे दिले. त्याने हिशोब फिटत नाही, हे मला कळतं.

लग्नाचं अजून ठरायचंय. पुढच्या बैठकीला मी रोह्याला जाणार आहे. तो प्रश्न परत आला, तर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारणार आहे, "का हवंय ते तुम्हाला?"

चहा त्यानंतर.