फेल झालेल्यांची शर्यत



आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी 'मी भाग घेतलेली शर्यत' हा निबंध लिहायला देतो. वह्या तपासताना एक गोष्ट ठरलेली. सगळ्यांचा पहिला नंबर येतो. कुणी पायात काटा मोडलेला असताना जिंकतं, कुणी वाटेत पडलेल्या मित्राला उचलून घेऊन जिंकतं, एकाने तर अनवाणी धावून शहरातल्या पोरांना हरवलं होतं. इतक्या वर्षांत एकाही निबंधात कुणी मध्येच थांबलेलं मी वाचलं नाही. पूर्वी मला याचं कौतुक वाटायचं. हल्ली काळजी वाटते. का ते सांगतो, थोडं लांबण लागेल.

चाळिशी उलटल्यावर मला पळायचं खूळ लागलं. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर पळणारे म्हणजे पोलीस भरतीवाले. आलापल्ली रोडला पाच वाजता उभे राहा, अंधारात नुसते बुटांचे आवाज येतात. सोळाशे मीटर, वीस गुण, सेकंदाचा हिशोब. त्या पोरांच्या मागे मागे मीही पळायला लागलो आणि एका वर्षी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. ही शर्यत 2012 पासून होते. एकवीस किलोमीटर. साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, वर वळायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. 2015 साली एकाच डोंगरावर सर्वांत जास्त लोक धावल्याबद्दल तिची गिनीज बुकात नोंद झाली.

अहेरीहून सातारा म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक सोडून जवळजवळ दुसरं टोक गाठायचं. बल्लारशाहपर्यंत एसटी, पुढे रेल्वे, पुण्याहून परत एसटी. बायको म्हणाली, इतक्या लांब जाऊन पळणार, आणि घरचं दळण आणायला मात्र गाडी लागते!

शर्यत पावसाळ्यात असते, म्हणून मी धुकं आणि चिखल मनात धरून गेलो होतो. निघालं लख्ख ऊन. आभाळ धुतल्यासारखं, अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर सुईसारखा स्पष्ट. समर्थ मंदिर मागे पडलं, घाट सुरू झाला, दोन्ही बाजूंना हिरवंगार, कडेला गावकरी टाळ्या वाजवताहेत, कुठे ढोल, कुठे लेझीम. अशा दिवशी माणसाला आपण पंचवीस वर्षांचे आहोत असं वाटतं. मी टोपी कमरेला खोचली, पहिली दोन पाण्याची टेबलं तशीच सोडली आणि तरण्या पोरांच्या बरोबरीने घाट चढलो. वरून खाली सातारा दिसलं तेव्हा छाती फुगली होती.

उतारावर हिशोब चुकता झाला. चढताना फक्त दम लागतो, उतरताना मांड्या फुटतात, हे मला सपाटीवरच्या सरावाने शिकवलंच नव्हतं. सोळाव्या किलोमीटरच्या आसपास दोन्ही पायांत गोळे आले आणि मी कठड्यावर बसलो. तिथे एक स्वयंसेवक मुलगी होती, कॉलेजातली असेल. ती पाणी आणि मीठ घेऊन आली आणि म्हणाली, "काका, थांबलात की नुसते बसलात? थांबला असाल तर नंबर लिहून घेते, खाली कळवायचं असतं."

मी म्हटलं, बसलोय. दहा मिनिटांनी उठलो, उरलेलं अंतर बरंचसं चालत, थोडं पळत पूर्ण केलं. वेळ सांगण्यासारखी नाही. पण त्या मुलीचा प्रश्न मी घेऊन आलो. तिच्या आवाजात ना कीव होती ना कुचेष्टा. जेवणार का, चहा घेणार का, तसा प्रश्न. माझ्या सगळ्या शिक्षणात, आणि खरं सांगायचं तर सगळ्या नोकरीत, 'थांबलास का' हे मला किंवा मी कुणाला असं साधेपणाने विचारल्याचं आठवत नाही.

परत आल्यावर डोंगरी शर्यतींबद्दल वाचू लागलो. साताऱ्याची शर्यत डांबरी रस्त्यावरची. पण इंग्लंडच्या उत्तरेला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथे रस्ता सोडून उघड्याबोडक्या डोंगरांवरून धावतात. तिकडच्या बोलीत अशा डोंगराला 'फेल' म्हणतात, जुना नॉर्स भाषेतला शब्द आहे. मी फळ्यावर 'फेल रनिंग' लिहिलं तर वर्गात खसखस पिकली. मागून आवाज आला, "सर, फेल झालेल्यांची शर्यत का जी?"

हसलो मीही. पण पोराने नकळत बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

या शर्यतींत आखलेला ट्रॅक नसतो. ठरावीक शिखरं किंवा चौक्या दिलेल्या असतात, एकीकडून दुसरीकडे कसं जायचं ते बऱ्याचदा ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी सरळ चढतो, कुणी वळसा घेतो. केझिकचा बॉब ग्रॅहम नावाचा एक गेस्टहाऊसवाला 1932 च्या जूनमध्ये चोवीस तासांच्या आत 42 शिखरं करून आला, आणि आजही लोक त्याच्या वाटेवर स्वतःला अजमावतात. जॉस नेलर हा तिथला मेंढपाळ. लहानपणापासून पाठीच्या दुखण्याने बेजार. त्याने 1975 मध्ये चोवीस तासांत 72 शिखरं केली, आणि सत्तराव्या वर्षी 70. तो 2024 मध्ये गेला. मेंढरांमागे फिरणारा माणूस डोंगर धावतो हे आमच्या मुलांना लगेच पटलं. इथे गुरांमागे फिरणारे काय कमी आहेत?

मला मात्र विक्रमापेक्षा तिथला एक नियम मोठा वाटला. लांबच्या शर्यतीत प्रत्येकाकडे पावसाचे कपडे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि जादा खाऊ असलाच पाहिजे. सकाळी ऊन आहे म्हणून संध्याकाळचा भरवसा डोंगरावर धरत नाहीत. आणि दुसरं असं की तुम्ही शर्यत कुठेही सोडू शकता, कारण विचारलं जात नाही. पण सोडली हे शर्यतवाल्यांना सांगितलंच पाहिजे. न सांगता परस्पर घरी जाणं हा तिथला मोठा गुन्हा, कारण तुम्ही घरी चहा पीत असता आणि लोक अंधारात तुम्हाला कड्यावर शोधत असतात. शर्यत संपते ती पहिला नंबर आल्यावर नाही. गेले किती आणि आले किती याचा मेळ लागल्यावर संपते.

हे सगळं वाचलं होतं, तरी मी चुकलोच.

गावामागे एक गुट्टा आहे. (टेकडीला आमच्याकडे तेलुगूतला हाच शब्द चालतो.) मागच्याच्या मागच्या डिसेंबरात आम्ही आठवी-नववीच्या मुलांची तिथे धाव ठेवली. जाऊन-येऊन सात किलोमीटर. पलीकडच्या बिटात वाघाच्या पाऊलखुणा दिसल्याचं वनरक्षकाने सांगितल्यामुळे वाट आधीच बदलून घेतली होती, चार शिक्षक वाटेत उभे होते. दिवस तर असा की काय सांगू. थंडी, कोवळं ऊन, सागाची पानं गळायला लागलेली, वरून प्राणहितेची वाळू पांढरी चमकताना दिसत होती. अशा दिवशी काय व्हायचंय? निघताना मी जोशात येऊन एक वाक्य टाकलं, "जो मध्ये थांबेल तो माझा विद्यार्थी नाही!" मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एकतीस मुलं गेली. खाली मोजली तर तीस.

पुन्हा मोजली, तीसच. पुढची चाळीस मिनिटं मी कुणाला सांगू इच्छित नाही. दोन शिक्षक वर पळाले, एक नाल्याकडे, मी नावाने हाका मारत फिरतोय आणि डोक्यात त्या पाऊलखुणा. शेवटी गावातून एक जण सायकलवर आला, पोरगं घरी आहे. जाऊन बघतो तर अंगणात बसून भात खात होता. मला पाहून घास तसाच राहिला.

"मांगं राह्यलो ना जी सर. सगळे हासतीन म्हून नाल्याकडून घरी आलो."

त्याचा बाप शांतपणे म्हणाला, "गुरुजी, पोरगा घरी आला ना. मंग काहून घाबरता?" बरोबरच होतं त्याचं, हे रान त्याच्या पायाखालचं. घाबरायचं होतं ते माझ्या वाक्याला. पोराने माझी आज्ञाच पाळली होती. थांबलेला माझा विद्यार्थी नाही, म्हणून तो मला न सांगता निघून गेला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुमच्या वर्गात असं नाल्याकडून घरी गेलेलं कोण आहे? आमच्या भागातली बरीच कुटुंबं थंडी सरता सरता मिरची तोडायला तेलंगणात जातात. मुलं बरोबर जातात, नाहीतर लहान भावंडं सांभाळायला घरी राहतात. एक महिन्याहून जास्त सलग गैरहजर राहिलं की कागदावर ते मूल शाळाबाह्य. सातवीतली एक मुलगी अशीच गेली. एप्रिलमध्ये परत आली आणि मी, तिचा वर्गशिक्षक, पहिलं काय बोललो असेन? "काहून आली नाहीस इतके दिवस?" सगळ्या वर्गासमोर. ती मागच्या बाकावर बसली, चार दिवस आली, मग आली नाही. पुढच्या वर्षी तर नाहीच. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं. पण कार्ड द्यायला मूल जाणार आहे हे आधी कळायला हवं. ज्या शाळेत थांबणं म्हणजे अपराध, तिथे जाण्याआधी कोण सांगणार? गणितात अपूर्णांकाला अडकलेलं मूलही असंच. अडकलो म्हणत नाही. शेजाऱ्याचं उतरवतं, मान हलवतं, आणि दहावीला पोचतं तेव्हा आपल्याला कळतं की हे पाचवीलाच नाल्याकडून निघून गेलं होतं.

माझे एक सहकारी म्हणतात, सर, थांबायची मुभा दिली की सगळेच थांबतील. आळशीपणाला तुम्ही राजमान्यता देताय. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण भरतीच्या सोळाशे मीटरला कुणी नंबर लिहून घेऊन मीठपाणी देणार नाही, आणि आमची निम्मी पोरं तीच स्वप्नं बघतात. पण मागच्या डिसेंबरात आम्ही धाव पुन्हा घेतली. निघताना सांगितलं, थांबायचं असेल तर जवळच्या सरांना नंबर सांगायचा, बस. चौतीस मुलांपैकी तिघं थांबली. त्यातली एक दहा मिनिटांनी उठली आणि "सर, माझा नंबर खोडा" म्हणून पुन्हा चढायला लागली. नंबर खोडता येतो हे कळल्यावर मुलं उगीच थांबत नाहीत, असा माझा एवढ्यावरून झालेला ग्रह आहे. तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा.

आणखी एक, पालकांसाठी आणि आपल्यासाठीही. 'आदिवासी पोरं म्हणजे जन्मजात धावपटू' हे वाक्य कौतुकाने म्हटलं जातं, पण त्याच्या आड आपण आपलं काम चुकवतो. नाशिकच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक आणलं. त्यामागे विजेंदर सिंगांसारख्या प्रशिक्षकाकडचा वर्षानुवर्षांचा सराव होता, नुसतं डोंगरात जन्मणं नव्हतं. जन्मजात म्हटलं की दमलेल्या पोराला दमलो म्हणायचीही चोरी होते.

यंदाची धाव डिसेंबरात ठरते आहे. वनरक्षकांशी बोलणं झालं, मोहफुलाच्या झाडापाशी पाण्याची पहिली चौकी, वरच्या दगडापाशी दुसरी. सगळ्यांच्या मागून एक शिक्षक चालणार, त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. मोजणीची वही त्या नाल्याकडून घरी गेलेल्या मुलाकडे आहे, आता तो दहावीत आहे. काल तो मला विचारत होता, "सर, तुमी थांबले तं तुमचा नंबर कोन लिहीन?" त्याला म्हटलं, तूच लिही. शिक्षकांनाही नंबर द्यायचे ठरलं आहे. शिट्ट्या मात्र अजून दहा कमी पडतात.