श्रद्धेची वहिवाट

इसवी सन १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीच्या एका डब्यात नारायण वामन टिळक नावाचे, वयाने तिशी ओलांडलेले, संस्कृतात निष्णात पण कोणत्याही नोकरीत फार काळ न रमलेले एक कोकणस्थ गृहस्थ बसले होते. बैरागी महंतांच्या परंपरेत चालत आलेल्या त्या लहानशा संस्थानाकडे ते नोकरीच्या निमित्ताने चालले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. राज्यकर्त्यांच्या जातीचा असूनही तो अदबीने बोलला. बोलण्याचा ओघ काव्यावरून धर्माकडे वळला. आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवून, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्या साहेबाचे नाव विचारायचे राहून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ज्या लोहमार्गावरून ती गाडी धावली तोच पुढे दुर्गावरून भिलाईला येतो, त्यामुळे येथे स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला ही हकीकत ग्रंथातली न वाटता शेजारच्या गावची वाटते.

माणूस देवावर विश्वास ठेवू लागतो तो केव्हा आणि कसा, या प्रश्नाच्या उत्तरादाखल ही हकीकत नेहमी पुढे केली जाते, आणि ती पुढे करणाऱ्यांचा मोह मला समजतो. कारण तिच्यात तारीख आहे, स्थळ आहे, एक अनामिक दूत आहे आणि खरे ठरलेले भाकीत आहे. पण ती पुरावा म्हणून दाखल करून घेण्यापूर्वी थोडी उलटतपासणी व्हावयास हवी. आगगाडीत बसण्यापूर्वीच टिळकांची जन्मगत आचारधर्मावरील निष्ठा ढासळली होती. जातिभेद त्यांना असह्य झाला होता. सर्व मानवांचा पिता असा एकच ईश्वर मानणारा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, इथपर्यंत त्यांच्या मनाची मजल गेली होती, आणि त्या धर्माची कलमेही त्यांनी मनाशी जुळवून ठेवली होती. पुस्तक हाती आल्यावर डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले ते या पूर्वतयारीमुळे. पुढे आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो असे ते सांगत. म्हणजे साहेब भेटला तेव्हा पूल बांधून तयार होता. साहेबाने फार तर पैलतीराकडे बोट दाखविले.

जमिनीच्या मामल्यात ज्यांचा हात बसला आहे त्यांना ठाऊक असते की कब्जा आणि वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने चालत येते, आणि फेरफाराची नोंद तलाठ्याच्या दप्तरात पडते ती मागाहून, एखाद्या मृत्यूच्या, वाटणीच्या वा तंट्याच्या निमित्ताने. नोंदीवर तारीख असते, वहिवाटीवर नसते. आणि वर्षे लोटली की खुद्द मालकही नोंदीच्या तारखेलाच मालकीचा आरंभ समजू लागतो. श्रद्धेचेही असेच घडते, असे माझे मत आहे. ती आचारात, सहवासात, घरच्या वळणात आधी येऊन राहते. बुद्धीची संमती आणि तिची तारीख यांची नोंद नंतर होते.

याची साक्ष स्वतः टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नीच्या चरित्रात अधिक सापडते. लक्ष्मीबाईंना आगगाडीत कोणी भेटला नाही. पतीने धर्म बदलला तेव्हा ही बाई लहान मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहत होती. काही काळ तर तिने प्रत्यक्ष पंढरपुरात काढला. पुढे ती पतीकडे परतली ती त्याचा देव पटला म्हणून नव्हे, तर संसार मोडू द्यावयाचा नाही म्हणून; आणि परतल्यावरही तिचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, सोवळे निराळे. ज्यांनी तिचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचले आहे त्यांना हे सोवळे कसे एकेक पदर ढिला होत सुटले ते आठवत असेल. बाई धर्मशास्त्राच्या वादाला बसली नाही. कोणाच्या हातचे पाणी चालावे आणि कोणाच्या हातचे चालू नये, या रोजच्या पेचाचा ती मनाशी उलगडा करीत राहिली, आणि देवाने स्त्री व पुरुष घडविले, जाती मात्र माणसांनी पाडल्या, या निर्णयाला एके दिवशी येऊन पोहोचली. बाप्तिस्मा तिने १९०० साली घेतला; पतीनंतर पाच वर्षांनी. या पाच वर्षांतला विश्वासाचा दिवस कोणता म्हणावयाचा? परक्याच्या हातचे पाणी प्रथम घशाखाली उतरले तो, की चर्चमध्ये मस्तकावर पाणी पडले तो? टिळकांनी आरंभिलेले आणि दहा अध्यायांवर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे चौसष्ट अध्याय रचून जिने जवळजवळ पूर्ण केले, ती हीच बाई, एवढे येथे नमूद करून ठेवतो. विश्वास हळू आला म्हणजे तो उथळ असतो असे समजणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावी.

आपल्याकडे तारीखवार अनुग्रहाची परंपरा नाही असे मात्र नाही. तुकोबांनी बाबाजी चैतन्यांचा स्वप्नातील उपदेश माघ शुद्ध दशमी, गुरुवार, असा वारासकट सांगितला आहे. पण देहूच्या ज्या घरात कित्येक पिढ्या विठ्ठलाची पूजा आणि पंढरीची वारी चालत आली होती, ज्या घराने दुष्काळात माणसे गमावली आणि ज्याचे दुकान बुडाले होते, त्या घरातल्या माणसाला हे स्वप्न पडले. अमेरिकेत एडविन स्टारबक या अभ्यासकाने १८९९ साली अशा धर्मानुभवांच्या शेकडो जबान्या तपासल्या, तेव्हा बहुतेक परिवर्तने कुमारवयातली निघाली. आणि विल्यम जेम्सने १९०२ च्या आपल्या ग्रंथात, अकस्मात घडलेले परिवर्तनही मनाच्या तळघरात दीर्घकाळ शिजत असावे, असे सुचविले. तज्ज्ञांचा हा हवाला मी देतो खरा. पण देहूच्या त्या घरापुढे मला तो अधिकाचा वाटतो.

आता भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ च्या करारान्वये सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या राष्ट्राने निरीश्वरवाद जवळजवळ राजधर्म म्हणून स्वीकारला होता त्याचे अभियंते येथे सहकुटुंब राहत होते. आणि भाक्रा-नांगलसारखी धरणे व असे प्रकल्प हीच नव्या युगाची तीर्थे, असे त्या काळचे पंतप्रधान सांगत होते. या वातावरणात देव हळूहळू मागे पडेल अशी अटकळ कोणी बांधली असल्यास त्याला दोष देता येणार नाही. झाले ते निराळेच. आखीव रस्त्यांच्या या वसाहतीत एकट्या सेक्टर ६ मध्ये जामा मशीद, गुरुद्वारा आणि चर्च हाकेच्या अंतरावर उभी राहिली. सेक्टर ९ मधल्या हनुमानाला मंगळवार-शनिवारी रीघ लागू लागली. बंगाल्यांनी काली आणली, केरळीयांनी अय्यप्पा आणला, आपण अर्थातच गणपती आणला. यांतले कितीतरी लोक आपापल्या गावी देवळाच्या पायरीलाही फारसे शिवणारे नव्हते. परमुलखात, तीन पाळ्यांच्या चाकोरीत, भोवताली परकी भाषा असताना, वर्षातून चार दिवस आपल्या बोलीत भांडता यावे म्हणून ते उत्सवाच्या वर्गणीला निघाले, आणि वर्गणीच्या पावत्या फाडता फाडता भाविक झाले. हा प्रकार मी थट्टेने सांगत नाही. देवापाशी जाण्याचा हा राजमार्ग आहे, आणि संतांच्या मेळ्यापासून तो चालत आलेला आहे.

कारखान्यातील विश्वकर्मापूजेचेच पाहा. मराठी माणूस हत्यारे पुजतो ती खंडेनवमीला. येथे पूर्वेकडील रिवाजाप्रमाणे १७ सप्टेंबर हा दिवस. त्या सकाळी शॉपमधली तेलकट जमीन धुऊन काढलेली असते, लेथच्या चकवर कुंकवाची पाच बोटे उमटलेली असतात, पॅनेलच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून झेंडूची माळ लोंबत असते, आणि एरवी हेल्मेटावाचून आत पाऊल टाकू न देणारा फोरमन हेल्मेट काखेत मारून बुंदीचा द्रोण पुढे करीत असतो. माझ्या परिचयाचे एक निवृत्त अभियंता, नागपूरच्या बुद्धिवादी घराण्यात वाढलेले, विभागप्रमुख म्हणून दरवर्षी या पूजेचा नारळ फोडीत. नारळ न फोडल्यास पोरांचे मन मोडेल, एवढाच त्यांचा खुलासा असे. निवृत्तीनंतर विश्वकर्म्याची तसबीर त्यांच्या घरच्या भिंतीवर दिसली. तुमचा विश्वास कधीपासून बसला, असे मी विचारले तेव्हा ते चक्क रागावले. विश्वासबिश्वास काही नाही, म्हणाले, पण १७ तारखेला हात मोकळे राहिले तर चुकल्यासारखे होते. मला तरी याहून प्रामाणिक कबुलीजबाब ठाऊक नाही. आणि २०१८ साली सुरू झालेल्या येथील आठव्या, सर्वांत मोठ्या भट्टीला नाव दिले गेले ते ‘महामाया’, रतनपूरच्या देवीचे.

भीतीपोटी देव जन्मतो, हा सिद्धान्त जुना आहे आणि कारखान्याच्या गावात तो सहज खरा वाटतो. जून २०१४ मध्ये विषारी वायूच्या गळतीत येथे सहा जणांचा अंत झाला, त्यांत वरिष्ठ अधिकारी होते; ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीचा स्फोट होऊन दहापेक्षा अधिक कामगार भाजून गेले. पण अशा दिवसांनंतर एका घरात नवा देव्हारा येतो, तर दुसऱ्या घरात असलेला देव्हारा कायमचा बंद होतो. एकाच आघाताची दोन परस्परविरुद्ध फळे दिसत असतील, तर आघाताला कारण म्हणण्यात अर्थ नाही; आघात येण्याआधी त्या घरात कशाची वहिवाट होती ते पाहावे लागते. देवाला निवृत्त करावे, असे डॉ. श्रीराम लागू सांगत, आणि त्यांच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे. पण हुकूम काढून निवृत्त करता येतो तो नेमणुकीच्या हुकमाने आलेला नोकर, आणि देवाच्या नेमणुकीचा कागद बहुतेकांच्या घरी सापडत नाही. युक्तिवादाने देव आणू पाहणाऱ्या प्रवचनकारांनाही माझे हेच सांगणे आहे.

हा सारा खल निव्वळ तात्त्विक राहिला असता तर मी तो वर्तमानपत्रात मांडला नसता. पण आमच्या या मुलखात सरकार स्वतः हा प्रश्न विचारीत आले आहे. नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली जुन्या मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली नेमलेल्या समितीने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करून १९५६ मध्ये अहवाल दिला. १९६८ साली मध्यप्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. रायपूरच्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये फेटाळले. आणि २००० साली छत्तीसगढ वेगळे झाले तेव्हा हा कायदा वारशाने त्याच्याकडे आला. बळजबरी व फसवणूक यांना शिक्षा असावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. त्या कायद्याने धर्मांतराचा विधी करणाराने जिल्हा दंडाधिकाऱ्यास खबर द्यावी असे ठरविले, तेही एका अर्थी शहाणपणाचे होते. विधीला तारीख असते, आणि सरकारला विचारता येते ती तेवढीच.

अडचण आहे ती प्रलोभनाच्या कलमात. पैसा वा वस्तू देऊन घडविलेले धर्मांतर ओळखणे सोपे. पण श्रद्धा जर सहवासातूनच येत असेल, पंगतीतून, शाळेतून, आजारपणात उशाशी बसलेल्या माणसाकडून येत असेल, तर सहवास कोठे संपला आणि आमिष कोठे सुरू झाले, हे ठाण्यातील ठाणेदाराने कोणत्या मोजपट्टीने ठरवावयाचे? देवळातला प्रसाद, लंगरमधली पोळी आणि मिशनच्या दवाखान्यातली पुडी यांच्यासाठी तीन निराळ्या मोजपट्ट्या वापरल्या जातात की काय, हेही विचारले पाहिजे. लक्ष्मीबाईंची जबानी अशा एखाद्या अधिकाऱ्याने घेतली असती तर बाईने आपल्या नेहमीच्या सडेतोडपणे सांगितले असते, की नवरा तिकडे होता म्हणून मी गेले, आणि बाकीचे पुढे झाले. त्या वाक्याखाली त्याने कोणते कलम लावले असते?