वाहनाची खरी पूजा

खंडेनवमीच्या दिवशी बेळगावापासून निपाणीपर्यंत कोणत्याही गल्लीत पाहावे. दारापुढील मोटार स्वच्छ धुतलेली असते, तिला झेंडूच्या माळा घातलेल्या असतात, चाकाखाली लिंबू ठेवलेले असते. वर्षभर राबणाऱ्या यंत्राविषयीची ही कृतज्ञता आपल्या संस्कृतीला शोभणारीच आहे. परंतु ज्या इंजिनाच्या बळावर ती मोटार तवंदीचा घाट चढते, त्यातील तेल त्या दिवशी किती घरांतून पाहिले जाते? बॉनेटवर हळदकुंकू वाहिले जाते. बॉनेट मात्र उघडले जात नाही. तेलाची तपासणी हे केवळ गॅरेजचे काम नसून घरातील प्रत्येक जाणत्या माणसाचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपले आजोबा-पणजोबा बैलगाडीने सौंदत्तीच्या यात्रेला निघत, तेव्हा आसाला वंगण घातल्याखेरीज गाडी जुंपत नसत. वंगण उणे पडले तर आस कुरकुरे आणि गाडीवानाला ते तत्काळ कळे. मोटारीचे इंजिन असे कुरकुरत नाही. तेल कमी झाले तरी ते पुष्कळ दिवस निमूटपणे चालते. खडखडाट ऐकू येतो तेव्हा बहुधा झीज होऊन गेलेली असते. चालकापुढील तेलाच्या तांबड्या दिव्यावर विसंबणेही धोक्याचे आहे. तो दिवा सामान्यतः तेलाचा दाब घटल्याचे सांगतो, तेल किती उरले ते सांगत नाही. तो चालत्या गाडीत लागला, तर गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे.

या दाबाचे मर्म एका जुन्या प्रयोगातून उमगते. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हा इंग्रज अभियंता आगगाडीच्या आसाच्या धारव्यांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने धारव्याला वरून भोक पाडले, तो तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. त्याने भोकात बूच बसविले, नंतर लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही तेलाने बाहेर ढकलली! फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढून घेतो आणि त्या दाबलेल्या तेलावरच तरंगतो, हे त्यातून दिसून आले. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याची गणिती उपपत्ती मांडली. आपल्या मोटारीचा क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेतो, तो केसाहूनही पातळ अशा तेलाच्या थरावर. तेल फार उणे असेल, तर घाटातील चढावर वा वळणावर पंप तेलाऐवजी हवा ओढतो, हा थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो.

तपासणीची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाचदहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल खाली उतरते. तेलाची पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुरती आत घालून पुन्हा काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. खालच्या खुणेजवळ असेल तर थोडे थोडे घालून पुन्हा पाहावे; वरच्या खुणेपलीकडे भरू नये, कारण अति तेल घुसळून फेसाळते आणि फेसाने वंगण होत नाही. तेल काळे दिसले म्हणून ते निकामी झाले असे नव्हे. काजळी पोटात घेणे हे त्याचे कामच आहे. मात्र ते दुधाळ दिसल्यास पाणी मिसळल्याची शंका घ्यावी आणि जाणत्या मेकॅनिकला दाखवावे. तेल कोणत्या प्रतीचे, किती किलोमीटरनंतर वा किती महिन्यांनी बदलावे, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. यांपैकी जी मुदत आधी येईल ती पाळावी.

कोणी म्हणेल, "हे सारे गॅरेजवाले पाहतातच." पाहतात, पण गाडी त्यांच्याकडे जाते तेव्हा! मधल्या महिन्यांत तेल जळले वा गळले, तर ते कोणाला दिसणार? ज्या घराची भाकरी भाड्याच्या जीपवर वा टेंपोवर चालते, तेथे इंजिन जाम होणे म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नव्हे. कित्येक दिवसांची मिळकत बुडणे, मुलांची फी थकणे होय. लिटरभर तेलाची काटकसर अशी महागात पडते.

आणखी एक गोष्ट. काढलेले जुने तेल गटारात वा परसात ओतणे हा अपराध मानला पाहिजे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले आहे. गटारात ओतलेले तेल शेवटी आपल्या वेदगंगेला, मार्कंडेयाला जाऊन मिळू शकते. ते झाकणाच्या डब्यात साठवून, जेथे अधिकृतपणे गोळा केले जाते तेथेच द्यावे.

विद्यार्थिमित्रहो, १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले ते बेळगावातच, आणि पुढे लोखंडी नांगर घडविण्याचा उद्योगही येथेच आरंभिला. उद्यमबागेत आजही यंत्रांचे सुटे भाग घडतात. अशा भूमीतील मुलामुलींना यंत्राचे बॉनेट परके वाटू नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वडीलधाऱ्यांसमक्ष ते उघडा, पट्टी पाहा आणि तारीख वहीत टिपून ठेवा. हाताला थोडे तेल लागेल. ते साबणाने निघते. यंत्राकडे डोळसपणे पाहण्याची जी सवय लागेल, ती मात्र जन्मभर टिकेल.